गावचं किचन, ८६,८०० रुपये आणि आईने दिलेले मार्क

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू कुठल्या एका दुकानाचा नाहीये. वाईच्या पुढं आमचं गावचं घर आहे, त्याचं स्वयंपाकघर आणि त्याला लागून असलेली जेवायची खोली आम्ही या उन्हाळ्यात नवीन केली. त्यात वखारवाला, सुतार, कोब्याचा मिस्त्री, जुना बाजार, वेत विणणारे काका, कल्हईवाला असे सगळे आले, प्रत्येकाचा अनुभव वेगळा, म्हणून एकत्रच लिहितोय. मार्क मात्र आईचे, दहापैकी. कारण मी आणि बायको महिन्यातनं दोन शनिवार-रविवार जाणार, फोटो काढणार आणि परत पुण्याला, तिथं रोज साडेपाचला उठून चहा टाकणारी ती आहे.

भांडण पण तिथूनच सुरू झालं. आम्हाला पाहिजे होतं 'गावाकडचं' किचन, म्हणजे लाल कोबा, जुन्या दाराचं टेबल, फळीवर पितळेची भांडी ओळीनं, रील्समध्ये असतं तसं. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आमच्यापासून जवळच, तिथलं लाकूडकाम बघून बघून बायकोचं डोकं फिरलेलं. आणि आईला पाहिजे होतं माझ्या बहिणीच्या हडपसरच्या फ्लॅटसारखं, पांढऱ्या टाइल्स, ग्रॅनाइट आणि बोटानं ओढली की सर्रकन बाहेर येणाऱ्या ट्रॉल्या. ती म्हणाली, "आरं जन्मभर सारवलं, फुकणी फुकून फुकून डोळं गेलं, आता कुठं गॅस आला तर तुमी परत मला चुलीकडंच नेताय व्हय?" यावर काय बोलणार. शेवटी तह झाला, ओटा आणि ओट्याच्या मागची भिंत आईच्या मनाची, बाकी खोली सुनेच्या मनाची, पैसे माझे. बजेट ७५,०००. ट्रॉल्यांचा विषय कोटेशन आल्यावर आईनेच बंद केला, नुसत्या ओट्याखालच्या ट्रॉल्यांचे १,१०,००० सांगितले होते, ती म्हणाली एवढ्यात दुभती म्हैस येती.

पहिलं टेबल. पुण्यात एका मोठ्या शोरूममध्ये 'रस्टिक' म्हणून सहा माणसांचं टेबल बघितलं, ४८,००० फक्त, आणि खाली वाकून बघितलं तर नवं कोरं आंब्याचं लाकूड. असल्या लाकडाला साखळीनं बडवून, मुद्दाम पोचे पाडून, वर गडद पॉलिश मारून जुनं करतात. म्हणलं जुनंच पाहिजे तर खरं जुनं का नको. मग भवानी पेठेत टिंबर मार्केटच्या बाजूला जुन्या लाकडाच्या वखारी आहेत तिकडं गेलो. वाडे पाडले की दारं, चौकटी, खण, तुळया, कठडे सगळं असल्या वखारींमध्ये येऊन पडतं. आत शिरलं की तो वास येतो, तेलकट, थोडा कातड्यासारखा, सागाचाच तो, माझ्या आजोबांच्या पेटीला यायचा.

तिथं आम्हाला एक दोन झडपांचं दार मिळालं, प्रत्येक झडप साधारण २१ इंच रुंद आणि ६ फूट लांब, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवली की साडेतीन बाय सहाचं टेबल, अगदी मापातलं. वर गोल डोक्याचे लोखंडी खिळे ओळीनं ठोकलेले आणि एका झडपेला कडी अजून शाबूत. वखारवाल्यानं सांगितले ८,०००, बायकोनं सुरू केलं साडेतीनपासून, तासाभरानं ५,५०० ला तुटलं. हा तासभर मी काय केलं ते सांगतो कारण ते उपयोगाचं आहे. जुन्या लाकडाला भोकं असतातच, भोकं असली म्हणजे भुंगा आत्ता आहेच असं नाही, बघायचं ते भुकटी आहे का. बोटानं टकटक केलं की भोकातनं पिठासारखी भुकटी पडली तर भुंगा जिवंत असू शकतो, ते लाकूड घ्यायचं नाही. शंका असेल तर वखारवाल्याला सांगून रात्रभर काळ्या कागदावर ठेवायचं, सकाळी कागद बघायचा. आमच्या वखारवाल्यानं स्वतःच कागद आणून दिला, वर म्हणाला "दोन दिवस ठेवा, माझं काय जातंय." म्हणून त्याला माझ्याकडनं पैकीच्या पैकी. फक्त एक झडप सागाची आहे आणि दुसरी बहुतेक नाही, वजनाला फरक लागतो, ते त्यानं सांगितलं नाही आणि आम्हालाही रंधा लावेपर्यंत कळलं नाही. आई म्हणते नवरा-बायकोसारखंच आहे, असूदे.

सुतारमामा गावातलेच. टेबल करायचे ६,५०० घेतले, त्यात पाय आणि खालची फ्रेम त्यांच्याकडच्या जुन्या तुळईतनं निघाली, तरी मी म्हणलं जास्त झाले, तर त्यांनी मला रंध्याचं पातं दाखवलं, धारेला दोन ठिकाणी खाच. जुन्या लाकडात मोडके खिळे आत राहिलेले असतात, वरनं दिसत नाहीत, पातं फिरलं की खलास. प्रत्येक खिळा शोधून पक्कडीनं काढायला त्यांचा एक अख्खा दिवस गेला. तुम्हाला कोणी 'जुनं लाकूड स्वस्त पडतं' म्हणलं तर लाकूड स्वस्त पडतं एवढंच खरं, मजुरी नव्यापेक्षा जास्तच जाते.

पॉलिशवरनं वाद झाला. मामांना चपड्याचं, म्हणजे लाखेचं, फ्रेंच पॉलिश मारायचं होतं, दिसतं सुंदर, आरशासारखं, पण चपड्यावर गरम भांडं ठेवलं की पांढरी गोल खूण उठते आणि पाणी सांडलं तरी डाग. जेवायच्या टेबलाला ते चालत नाही. शेवटी बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, लावायचं ठरलं, पातळ हात, पुसायचं, एक दिवस वाळू द्यायचं, परत हात, असे चार. हे काम मी स्वतः केलं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, बेलतेलात भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, ती वाळताना आपोआप तापतात आणि कधी कधी पेट घेतात, खरंच घेतात. मी ती अंगणात दोरीवर एकेक सुटी पसरून वाळवली, शेजारच्या काकींनी विचारलं एवढी घाण धुणी कुणाची.

आता टेबलाची चूक. ती आमची. दारावर खाचा आहेत, खिळ्यांची डोकी वर आलेली आहेत, त्यावर ताट ठेवलं की डुगडुगतं, म्हणून वर ८ एमएमची टफन काच टाकली, ३,१००. खिळ्यांवर काच नीट बसेना म्हणून खाली रबराची बटणं लावली. म्हणजे काच आणि लाकूड यांच्यात बोटभर फट. पहिल्याच आठवड्यात आईचा फोन, "तुझ्या टेबलात मुंग्या राहायला आल्यात." पोळीचा चुरा, साखर, शेंगदाण्याचा कूट, सगळं त्या फटीतनं आत, आणि ती काच चाळीसेक किलोची, एकट्या बाईला उचलता येत नाही, म्हणजे मुंग्या काचेखालनं फिरतायत, वरनं छान दिसतायत आणि आपण नुसतं बघायचं. पुढच्या शनिवारी गेलो, काच उचलली, झटकून पुसून घेतलं आणि कडेनं चारी बाजूंनी पारदर्शक सिलिकॉन भरलं. आता बरं आहे. तुम्ही करणार असाल तर सिलिकॉन पहिल्याच दिवशी भरा. आईचे मार्क, टेबलाला ६, सिलिकॉननंतर वाढवून ७.

आता कोबा. इथं जरा वेळ घेणार आहे कारण सगळ्यात जास्त पैसे आणि सगळ्यात जास्त ताप इथंच झाला.

लाल कोबा म्हणजे सिमेंटमध्ये लाल ऑक्साइड घालून केलेली जमीन. हे ऑक्साइड म्हणजे लोखंडाच्या गंजाचाच भाऊ, त्यामुळं उन्हानं वगैरे उडत नाही. खाली सिमेंट-वाळूचा थर, तो ओला असतानाच वर रंगीत सिमेंटचा पातळ थर आणि तो स्टीलच्या थापीनं घोटत राहायचं, घोटाई जेवढी जास्त तेवढी चकाकी. ऐकायला सोपं आहे. मिस्त्री तालुक्यातनं आणला, कोणीतरी सांगितलं होतं की त्याचा हात चांगला आहे, नाव लिहीत नाही. दोन खोल्या मिळून २१० स्क्वेअर फूट, मजुरी १३,०००, माल ६,८००.

पहिली गोष्ट, रंग मोजून घातला नाही. ऑक्साइड सिमेंटच्या वजनाच्या साधारण ५ ते १० टक्के घालतात, त्यापेक्षा जास्त झालं की थर कच्चा राहतो आणि फडक्याला लाल लागत राहतं. आणि प्रत्येक घाण्याला प्रमाण तेच पाहिजे. आमचा मिस्त्री मुठीनं. सकाळची मूठ वेगळी, जेवून आल्यानंतरची मूठ वेगळी. जेवायच्या खोलीत आज स्पष्ट दिसतं की दुपारी एक वाजता तो कुठपर्यंत आला होता, अलीकडं विटकरी, पलीकडं मरून. मी ऑफिसमधनं व्हिडिओ कॉलवर बघत होतो आणि मला वाटलं ओलं आहे म्हणून तसं दिसतंय. नव्हतं.

दुसरी गोष्ट, पट्ट्या. बारा बाय दहाच्या खोलीत सलग कोबा टाकला की सिमेंट वाळताना आकसतं आणि कुठंतरी तडा जाणारच, म्हणून मधे काचेच्या नाहीतर पितळेच्या पट्ट्या टाकून तुकडे पाडतात, म्हणजे आकसलं तरी पट्टीपाशी आकसतं. मी पट्ट्या आणून दिल्या होत्या. त्या अजून पोत्यात आहेत. मिस्त्री म्हणाला, "साहेब, पट्टीनं लूक जातो." तिसऱ्या आठवड्यात दारापासून ओट्याकडं तिरका केसासारखा तडा. फोन केला तर म्हणे सगळ्या कोब्याला जातो. बरं हे अगदीच खोटं नाही, जुन्या वाड्यांमध्ये पण बारीक तडे असतातच, पण तू पट्ट्या टाकल्या असत्यास तर मी ऐकून घेतलं असतं ना.

तिसरी गोष्ट, पाणी. तो म्हणाला दोन दिवस पाणी मारा, बास. आणि लग्नाला निघून गेला. आईनं ऐकलं नाही. तिनं घरातली सगळी गोणपाटं ओली करून पसरली आणि नऊ दिवस सकाळ-दुपार-संध्याकाळ पाणी मारलं, ऐन एप्रिलमध्ये, टाकीत पाणी नसताना विहिरीवरनं आणून. नऊ दिवस स्वयंपाक पडवीत. आज जो काही कोबा चांगला आहे, कडक आहे, त्याचं श्रेय तिचं आहे. सिमेंटला कमीत कमी सात दिवस ओल पाहिजेच, लालला काय आणि काळ्याला काय.

नंतर आम्ही घोळ घातला. कुठंतरी वाचलेलं की खोबरेल तेलानं घासलं की कोबा चमकतो. चमकतो. बायकोनं एक रविवार घालवून अख्खी जमीन चमकवली, फोटो एकदम भारी आले, आणि सोमवारी सकाळी आईचा पाय सरकला. ओट्याची कड धरली म्हणून वाचली. मला ते तिनं सांगितलंच नाही, काकींनी सांगितलं. त्याच आठवड्यात रजा टाकून गेलो आणि धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी करून सगळं तेल उतरवलं. आता फक्त साधं पुसतो, पायाखालनं चालून चालून जी येईल ती चकाकी. आणि एक, लिंबू किंवा चिंचेचं पाणी सांडलं की लगेच पुसायचं, आंबट सिमेंटला खातं आणि पांढुरका डाग पडतो, आमच्याकडं गॅसपासच्या कोपऱ्यात असा एक आमटीचा नकाशा झालेला आहे.

आईचे मार्क, कोब्याला ८, मिस्त्रीला ३. तीन कशाबद्दल विचारलं तर म्हणाली, "चहा चांगला म्हणायचा माझा."

उन्हाळ्यात पायाला गार लागतं, ते मात्र कुठल्याही टाइल्सला येणार नाही. दुपारी आई तिथंच नुसतं सुती पातळ अंथरून पडते.

ओटा. इथं आईचं राज्य. जुना ओटा कडप्प्याचा, मधे खचलेला. गवंडी म्हणाला ३४ इंच स्टँडर्ड उंची आहे. माझी आई चार फूट दहा इंच. ३४ इंचावर तिनं पोळपाट ठेवला की खांदे कानाला लागणार. मी तिला भिंतीला उभी केली, हात कोपरात वाकवायला लावला, कोपरापासून खाली चार इंचांवर पेन्सिलीनं खूण केली, ती आली बरोबर ३१ वर. गवंड्याला म्हणलं ही खूण, याच्या वर एक वीट जाता कामा नये. तो शेवटपर्यंत म्हणत होता की सूनबाईला वाकावं लागेल. वाकेल की महिन्यातनं चार दिवस. पूर्ण घरात कुणी मला विचारलं की सगळ्यात शहाणपणाचे पैसे कुठं गेले तर मी ही पेन्सिलीची खूण दाखवीन, आणि तिला पैसे लागलेच नाहीत.

वर काळा ग्रॅनाइट, पण यार्डातला उरलेला पीस. मोठ्या कामातनं उरलेले सात-आठ फुटांचे तुकडे यार्डवाल्यांकडं पडून असतात, नवीन स्लॅब घ्यायच्या आधी ते विचारा. आमचा कटिंग आणि कड गोल करून ७,२०० ला पडला, आतल्या फळ्या कडप्प्याच्याच ठेवल्या. ग्रॅनाइटला लिंबू-चिंचेचं काही होत नाही, कडप्पा आणि शहाबादी दोन्ही चुनखडीच्या जातीचे, ते आंबटानं खरवडतात, आई हे रसायनशास्त्र न शिकता चाळीस वर्षं सांगतीय. मागच्या भिंतीला पांढऱ्या टाइल्स, गुजरातमधल्या मोरबीचा लॉटचा माल, पेटीतल्या दोन-चार कानाकोपऱ्यात उडालेल्या, त्या मिक्सरच्या मागं लावल्या, कुणाला दिसत नाहीत. ओट्याला १० पैकी १०.

सिंकवर बायकोचा जीव होता तो खोल पांढरा, परदेशातल्या कंट्री किचनमध्ये असतो तसा, पुढनं तोंड बाहेर आलेला. किंमत बघून गप्प बसलो. स्टीलचा खोल सिंक घेतला, नळ-पाइप-प्लंबर धरून ६,३००. आणि आई मोठी भांडी अजून मागच्या मोरीतच घासते, बसून, तिला तिथंच हात नीट चालतो म्हणते. मग एवढा खोल सिंक कशाला घेतला हा प्रश्न मी घरात काढत नाही.

खुर्च्या जुन्या बाजारातल्या. पुण्याचा जुना बाजार मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरतो, खुर्च्या बघायच्या तर रविवारी सकाळी लवकर जा, अकराच्या पुढं ऊन आणि गर्दी दोन्ही वैताग. चार वेताच्या खुर्च्या मिळाल्या, जुन्या सरकारी ऑफिसात असायच्या तसल्या, ९०० ला एक, बैठकी सगळ्या फाटलेल्या. तिथं काही घेताना खुर्ची उलटी करा आणि पायांचे सांधे हलवून बघा, वेत फाटलेलं चालतं, सांधा ढिला असेल तर सुतार आणखी तेवढेच घेतो. एका खुर्चीवाल्यानं मला शिसवी म्हणून साधं लाकूड काळं रंगवून दाखवलं, नखानं खरवडलं तर नखात रंग आला, आम्ही दोघं हसलो आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला.

वेत विणायला ६५० एका खुर्चीचे. ज्या काकांनी विणलं त्यांना दिसत नाही. अंधशाळांमधनं हे काम पूर्वीपासून शिकवतात, काकांनी तिथंच शिकलेलं. त्यांचा हात बघण्यासारखा होता. भिजवलेला वेत मांडीवर, एक पट्टी दातात, डाव्या हाताचं बोट भोकं मोजत पुढं आणि उजवा हात मागनं पट्टी ओवत, मधेच माझ्याशी क्रिकेटच्या गप्पा. आधी उभे, मग आडवे, मग तिरके, आणि तिरके धागे आले की ती अष्टकोनी जाळी एकदम उमटते. विणल्यावर बैठक थोडी सैल लागली म्हणून मी विचारलं, तर म्हणाले आज बसू नका, वाळलं की ताणतंय. दुसऱ्या दिवशी वर टिचकी मारली तर डफासारखा आवाज. आईचे मार्क ९, एक कापला कारण तिला त्या खुर्चीवर मांडी घालून बसता येत नाही.

फडताळ आम्ही चॉक पेंटनं, म्हणजे खडूसारख्या बिनचकाकीच्या रंगानं, रंगवलं. विकतचा डबा महाग आहे, घरी करायचा तर एक वाटी प्लास्टिक पेंट, पाव वाटीच्या वर थोडं पीओपी आणि तेवढंच पाणी, पीओपी आधी पाण्यात गुठळ्या मोडून मग रंगात, आणि थोडं थोडंच करायचं कारण डब्यात घट्ट होत जातं. जुन्या ऑइलपेंटवर न घासता बसतो म्हणतात, बसतो पण, मात्र तेलकट ओघळ आधी सोड्यानं धुवावेच लागतात, आमच्याकडं चाळीस वर्षांच्या फोडण्या होत्या. रंग फिका निळा. वर मेणाचा हात मारला नाही तर हळदीचे हात उमटतात, आमच्याकडं उमटलेत.

पितळेची भांडी ही बायकोची हौस. माळ्यावरनं आजीचे हंडे, कळशी, तपेली, गडवे असं मिळून एकवीस नग निघाले. दोन हंडे पोचलेले, ते पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत नेले, तिथं पोचे काढून वर मठारकाम करून दिलं. मठार म्हणजे हातोडीनं एकेक ठोका शेजारी शेजारी, उन्हात धरलं की सगळ्या हंड्यावर टिकल्या टिकल्या चमकतात, त्या ठोक्यांनी पत्रा कडक पण होतो. आळीत शिरायच्या आधीच ठोक्यांचा आवाज येतो. कल्हई गावात झाली, कल्हईवाला वर्षातनं एकदा येतो, भांडं तापवलं, नवसागर टाकला, धुराचा लोट, कथलाची कांडी टेकवली आणि कापसानं एक फेरा, आत चांदी. आईसाठी हा सगळ्यात चांगला दिवस होता, ती त्याच्यासमोर स्टूल टाकून बसली आणि एकही भांडं त्यानं नीट केल्याशिवाय सोडलं नाही. दोन्हीचे मिळून १,४५०.

मग ती एकवीस भांडी फळीवर मांडली. पंधरा दिवसांत काळवंडली. आईनं पहिल्यांदा चिंच-मिठानं सगळी घासली, दुसऱ्यांदा अर्धी घासली, तिसऱ्यांदा मला फोन केला की तुझ्या बायकोला सांग फळी बघायला ये आणि येताना पितांबरी आण. आता फळीवर पाचच आहेत, ती जी रोज वापरते तीच, बाकी परत माळ्यावर. मार्क ४. कल्हईवाल्याला १०, फळीला ४, असं वेगळं लिही म्हणाली.

ओट्याखाली ट्रॉल्या नाहीत म्हणून पडदे, त्याला खणाचं कापड, कर्नाटकातल्या गुलेदगुड्डचा खण, पन्हा लहान असतो त्यामुळं ओट्याच्या उंचीला जवळपास आपोआप बसतो, शिलाई धरून २,२००. दिसतात झकास. सिंकखालचा मात्र महिन्यातच ओला होऊन खालनं काळा पडला, तिथं तरी पत्र्याचं दार करायला पाहिजे होतं. दिवे तीन लटकवले, एनॅमलच्या टोप्या. बरे आहेत, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही, फक्त टेबलावरचा दिवा एवढा खाली नका घेऊ की उठताना डोक्याला लागेल. मला लागतो.

पैशाचं. ७५,००० ठरवलेले, गेले ८६,८००. वर गेलेल्यात ४,५०० पुण्याहून गावापर्यंतच्या टेम्पोचे, ते आम्ही धरलेच नव्हते, आणि बाकी बहुतेक मजुरी. टेबल एकूण १५,१०० ला पडलं, शोरूमच्या अठ्ठेचाळीसच्या समोर. परत करायचं झालं तर वखार, सुतारमामा आणि वेतवाले काका हेच घेईन, कोब्याला मिस्त्री दुसरा, आणि पट्ट्या टाकल्याशिवाय मजुरीतला एक रुपया देणार नाही, आणि त्या दिवशी रजा टाकून समोर बसेन.

आई अजून जेवायला कोब्यावर पाट घेऊनच बसते, टेबलाच्या शेजारी. टेबलावर ती भाजी निवडते, मेथीचा अख्खा ढीग पसरून, उभं राहून, कारण उंची बरोबर आहे म्हणते. गेल्या वेळी गेलो तर काचेवर जुनं धोतर अंथरून त्यावर कुरडया. सुतारमामा रविवारी येणारेत, टेबलाचा ओट्याच्या बाजूचा एक पाय जरा वर राहतोय, तिथं पाचर मारायची आहे. खरं तर पायाला नाही झालंय काही, कोबाच तिथं खाली गेलाय.